मंदीतला आधार: ओझरच्या कारखान्यापासून हरसूलच्या सेवा केंद्रापर्यंत

13 मे 2020. टाळेबंदीचा पन्नासावा दिवस. त्या संध्याकाळी दिल्लीत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी तीन लाख कोटी रुपयांच्या विनातारण कर्जाची घोषणा केली. आदल्या रात्री पंतप्रधानांनी वीस लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं, त्याचा हा पहिला तपशील. कारखाने बंद होते, दुकानांची शटर खाली होती आणि एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे 24 टक्क्यांनी घसरल्याचं पुढे सरकारी आकडेवारीतूनच समोर आलं.

नाशिक जिल्ह्यात या एकाच घोषणेचे तीन अर्थ होते. ओझरच्या विमान कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपसाठी तो एक अर्थ. शहरात चार-सहा पोरांना घेऊन सॉफ्टवेअर बनवणाऱ्या नव्या कंपनीसाठी दुसरा. आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या, गुजरातच्या सीमेजवळच्या हरसूलसारख्या बाजारगावात संगणक, प्रिंटर आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन सेवा केंद्र चालवणाऱ्या तरुणासाठी तिसरा. तिघंही तंत्रज्ञानावर पोट भरणारे, तिघंही मंदीत सापडलेले. पण सरकारी मदत तिघांपर्यंत सारखी पोहोचली नाही. ती का पोहोचली नाही, हे समजून घेतलं तर पुढच्या मंदीची तयारी करता येईल.

धंदा नेमका कुठे अडकतो

मंदीत कंपनी तोट्यामुळे बुडते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक लहान कंपन्या त्याआधीच रोख रकमेअभावी थांबतात. हातात ऑर्डर असते, काम पूर्ण झालेलं असतं, बिलही पाठवलेलं असतं; पैसे मात्र येत नाहीत. मोठा ग्राहक आपली रोकड जपण्यासाठी लहान पुरवठादाराचं बिल मागे ठेवतो. पगार, भाडं, वीज आणि बँकेचा हप्ता यांच्या तारखा मात्र ठरलेल्या असतात.

तंत्रज्ञानाच्या उद्योगात यावर आणखी एक अडचण येते. लेथ मशीन किंवा गिरणी असलेल्या उद्योजकाकडे बँकेला तारण द्यायला काहीतरी असतं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडे चार लॅपटॉप, लिहिलेला कोड आणि माणसांचं कौशल्य एवढीच मालमत्ता. माणसं एकदा पांगली की कंपनीत काही उरत नाही, आणि मंदी संपल्यावर तीच टोळी पुन्हा जमवायला वर्षं जातात. म्हणून अशा उद्योगाला सावरायचं तर ते लवकर सावरावं लागतं, आणि तारणाशिवाय.

जगभरातले अनुभव आणि आपल्याकडचे अनुभव एकत्र ठेवले तर सरकारकडे यासाठी तीन खात्रीचे मार्ग दिसतात: कर्जाला हमी देणं, बिलं वेळेवर भागवणं आणि स्वतः ग्राहक होणं.

हमी: सरकार जामीन राहतं तेव्हा

2020 च्या कर्ज योजनेत सरकारनं स्वतःच्या तिजोरीतून तीन लाख कोटी वाटले नाहीत. कर्ज बँकांनी दिलं. ते बुडालं तर भरपाई करण्याची शंभर टक्के हमी सरकारनं घेतली. उद्योजकाच्या नावावर 29 फेब्रुवारी 2020 रोजी जेवढं कर्ज बाकी असेल, त्याच्या 20 टक्क्यांपर्यंत नवं कर्ज, नव्या तारणाशिवाय. मुदत चार वर्षं, पहिलं वर्ष मुद्दलाचा हप्ता नाही, बँकांसाठी व्याजाची कमाल मर्यादा 9.25 टक्के. गावाकडच्या भाषेत सांगायचं तर सरकार जामीन राहिलं.

योजना मोठी ठरली. मर्यादा आधी साडेचार लाख कोटी आणि पुढे पाच लाख कोटींपर्यंत वाढवली गेली. 31 मार्च 2023 ला ती संपली तेव्हा सुमारे 1 कोटी 19 लाख कर्जदारांच्या सुमारे 3 लाख 68 हजार कोटींच्या कर्जांना हमी मिळालेली होती. स्टेट बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी जानेवारी 2022 च्या अहवालात अंदाज मांडला होता की या योजनेमुळे साडेतेरा लाख उद्योगांची खाती बुडीत होण्यापासून वाचली.

ज्या वर्कशॉपचं आधीच पन्नास लाखांचं कर्ज होतं, त्याला दहा लाख मिळण्याची वाट मोकळी झाली. ज्या सॉफ्टवेअर कंपनीनं कधी बँकेचं कर्जच घेतलं नव्हतं, तिचं काय? शून्याचे 20 टक्के शून्यच. बँकेनं ज्यांना आधी दारात उभं केलं नव्हतं, त्यांना या योजनेतही दार उघडलं नाही. नव्या तंत्र-कंपन्यांचा मोठा वर्ग असा हिशेबातच बाहेर राहिला.

ही फट नंतर ओळखली गेली. स्टार्टअपसाठी 945 कोटींचा बीज निधी 1 एप्रिल 2021 पासून सुरू झाला. त्यात प्रयोग आणि नमुना तयार करण्यासाठी 20 लाखांपर्यंत अनुदान आणि उत्पादन बाजारात नेण्यासाठी 50 लाखांपर्यंत मदत, तीही मान्यताप्राप्त उबवण केंद्रांमार्फत. ऑक्टोबर 2022 मध्ये स्टार्टअपच्या कर्जासाठी स्वतंत्र हमी योजना आली. दोन्ही पावलं योग्य होती. पण टाळेबंदीच्या पहिल्या सहा महिन्यांत, जेव्हा पगार थांबले, तेव्हा यांतलं काहीच हाताशी नव्हतं.

हमीचा मार्ग आपल्याला नवा नाही. लहान उद्योगांच्या विनातारण कर्जाला हमी देणारा न्यास 2000 सालापासून आहे. 2008 च्या जागतिक मंदीत, त्या डिसेंबरमध्ये जाहीर झालेल्या पॅकेजमध्ये, त्याची मर्यादा 50 लाखांवरून एक कोटीवर नेली गेली. यंत्रणा आधीपासून उभी होती म्हणून फक्त आकडा बदलून काम भागलं. ब्रिटननं 2020 मध्ये वेगळा प्रयोग केला. नव्या कंपनीत खासगी गुंतवणूकदार जेवढे पैसे घालेल तेवढेच सरकार घालेल, सव्वा लाख ते पन्नास लाख पौंडांपर्यंत, आणि पुढे ते कर्ज भागभांडवलात बदलू शकेल. मे 2020 मध्ये सुरू झालेल्या या योजनेतून हजाराहून अधिक कंपन्यांना पैसे मिळाले. त्यांतल्या काही नंतर बुडाल्याही. तरी कर्जाचा जुना इतिहास नसलेल्या कंपनीला संकटाच्या पहिल्याच टप्प्यात मदत देता येते, हे त्यातून दिसलं.

पंचेचाळीस दिवस

दुसरा मार्ग सरकारला सर्वांत स्वस्त पडतो आणि तरी तोच सर्वांत जास्त रखडतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानं स्पष्ट सांगितलं आहे की सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत भागवलं पाहिजे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. कायदा इतका कडक असूनही लहान उद्योजक तक्रार करायला कचरतो, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याकडूनच पुढची ऑर्डर हवी असते.

13 मे 2020 च्या घोषणेत केंद्र सरकारनं आपल्या खात्यांकडची आणि सार्वजनिक कंपन्यांकडची थकीत बिलं 45 दिवसांत भागवण्याचं आश्वासन दिलं होतं. मदतीच्या यादीत याचा समावेश व्हावा, हेच बरंच काही सांगून जातं. मालकाचे स्वतःच्या घामाचे पैसे त्याला वेळेवर देणं, हे पॅकेजचं कलम व्हावं लागलं.

तक्रारीसाठी 2017 मध्ये ‘समाधान’ हे पोर्टल सुरू झालं. त्याच सुमारास ‘ट्रेड्स’ नावाची बिलांची ऑनलाइन बाजारपेठ उभी राहिली. तिथे मोठ्या ग्राहकानं मान्य केलेलं बिल बँका आणि वित्तसंस्था थोड्या कसरीनं विकत घेतात. पुरवठादाराला काही दिवसांत पैसे मिळतात आणि वसुली त्याच्या डोक्यावर राहत नाही. 2023-24 या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकर कायद्यातही बदल झाला. सूक्ष्म वा लघु उद्योगाचं बिल मुदतीत न भागवणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. उशीर करणाऱ्याच्या खिशाला थेट चटका बसेल अशी ही तरतूद.

या सगळ्याचं दार उद्यम नोंदणीतून उघडतं. 1 जुलै 2020 पासून ती आधार क्रमांकावर, मोफत होते. त्याच दिवशी व्याख्याही बदलली आणि कारखाना व सेवा हा जुना भेद मिटला. त्याआधी सेवा उद्योगाला सूक्ष्म ठरण्यासाठी उपकरणांतल्या गुंतवणुकीची मर्यादा अवघी दहा लाख होती. सॉफ्टवेअर, डेटा सेंटर, दुरुस्ती, सेवा केंद्र अशा सगळ्यांसाठी हा बदल महत्त्वाचा ठरला.

सरकार गिऱ्हाईक होतं तेव्हा

मंदीत कर्ज मिळालं तरी ते फेडायला धंदा लागतो. बाजारातले ग्राहक हात आखडता घेतात तेव्हा खरेदी चालू ठेवू शकणारा एकच मोठा ग्राहक उरतो, तो म्हणजे सरकार.

पुण्याच्या मायलॅबचं उदाहरण घेण्यासारखं आहे. रेणवीय चाचण्यांचे संच बनवणाऱ्या या कंपनीत मीनल दाखवे-भोसले यांच्या नेतृत्वाखालील गटानं कोविडचा चाचणी संच सुमारे सहा आठवड्यांत तयार केला. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेनं तो तपासला आणि 23 मार्च 2020 च्या सुमारास त्याला व्यावसायिक वापराची मंजुरी मिळाली. देशी बनावटीचा असा तो पहिलाच संच. एरवी महिनोन्‌महिने चालणारी परवानगीची प्रक्रिया दिवसांवर आली आणि समोर निश्चित मागणी उभी होती. या कंपनीला सर्वांत मोठी मदत वेगाची आणि मागणीची झाली.

त्याच सुमारास केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं मुंबई आयआयटीच्या ‘साइन’ या उबवण केंद्राकडे ‘कवच’ नावाचा उपक्रम सोपवला. 56 कोटींची तरतूद आणि कोविडशी झुंजणाऱ्या पन्नासपर्यंत स्टार्टअपना प्रत्येकी 50 लाख ते दोन कोटींची मदत. इथेही आधी उभी असलेली संस्थाच कामी आली.

महाराष्ट्रानं 2018 च्या स्टार्टअप धोरणाबरोबर स्वतःचा एक चांगला पायंडा पाडला. राज्य नावीन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडल्या जाणाऱ्या 24 कंपन्यांना सरकारी खात्यांकडून 15 लाखांपर्यंतची कामं दिली जाऊ लागली. रक्कम मोठी नाही. पण पूर्वानुभव नाही म्हणून निविदेत बाद होणाऱ्या कंपनीच्या नावावर पहिलं सरकारी काम लागतं आणि पुढची दारं उघडतात. अमेरिकेनं हेच तत्त्व 1982 च्या मंदीत कायद्यात आणलं. संशोधनावर मोठा खर्च करणाऱ्या केंद्रीय खात्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांना दिलाच पाहिजे, असं बंधन घातलं. मोबाइल चिप बनवणारी क्वालकॉम सुरुवातीच्या काळात या मदतीवर उभी राहिलेल्या कंपन्यांपैकी एक.

नाशिककरांना सरकारी खरेदीचं महत्त्व सांगावं लागत नाही. ओझरचा 1964 मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना मिग आणि पुढे सुखोई विमानं बनवत आला. त्याच्या ऑर्डर भरल्या की सातपूर-अंबडच्या कित्येक वर्कशॉपना काम मिळतं. त्या संपत आल्या की चिंता सुरू होते. सुखोईची जुनी ऑर्डर पूर्ण होत आली आणि नेमकी कोविडची मंदी आली. त्याच काळात, फेब्रुवारी 2021 मध्ये, सरकारनं 83 तेजस मार्क-1ए विमानांचा करार हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी केला. किंमत सुमारे 48 हजार कोटी रुपये. या विमानाच्या पुरवठा साखळीत सुमारे 500 भारतीय कंपन्या असल्याचं सरकारनं सांगितलं. पुढे तेजसची तिसरी उत्पादन साखळी ओझरला उभी राहिली आणि 17 ऑक्टोबर 2025 रोजी नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-1ए आकाशात झेपावलं. डिसेंबर 2024 मध्ये आणखी 12 सुखोईंची, सुमारे साडेतेरा हजार कोटींची ऑर्डर आली. मंदीच्या काळात घेतलेला खरेदीचा एक निर्णय पुढची कित्येक वर्षं कामगारांच्या हाताला काम देतो, हे यात दिसतं.

इमारत आणि जोडणी

या तीन मार्गांखेरीज सरकारनं तंत्र-उद्योगासाठी काय उभारावं, याचे दोन विरुद्ध अनुभव महाराष्ट्रानं घेतले आहेत.

1991 च्या उन्हाळ्यात देशाकडे परकीय चलनाचा खडखडाट होता. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे 47 टन सोनं परदेशी गहाण ठेवावं लागलं. त्याच्या आदल्या महिन्यात, जूनमध्ये, सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था रीतसर स्थापन झाली. पुणे तिच्या पहिल्या केंद्रांपैकी एक. त्या काळी परदेशी ग्राहकाला डेटा पाठवायचा तर साधी फोन लाइन मिळणंही मुश्कील होतं. या केंद्रानं उपग्रहावरून डेटाची जोडणी दिली, परवानग्या एका खिडकीवर आणल्या, आयात उपकरणांवरचं शुल्क माफ केलं. छोट्या कंपनीला स्वतःच्या पैशानं जे कधीच जमलं नसतं, ते भाड्यानं मिळालं. पुढे हिंजवडीचं आयटी पार्क उभं राहिलं ते अशा पायावर. 2009 च्या अर्थसंकल्पानं या केंद्रांतल्या कंपन्यांची निर्यातीवरची करसवलत 31 मार्च 2011 पर्यंत वाढवली, त्यामागेही जागतिक मंदीचंच कारण होतं.

दुसरा अनुभव नाशिकचा. अंबडमध्ये औद्योगिक विकास महामंडळानं माहिती तंत्रज्ञानासाठी बांधलेली इमारत वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली. याच शहरात सातपूरला मुख्यालय असलेली ईएसडीएस ही डेटा सेंटर कंपनी 2005 पासून वाढत गेली. बँका आणि सरकारी खाती तिच्या ग्राहकांत आहेत. म्हणजे नाशिकमध्ये उद्योग होऊ शकत नव्हता असं नाही. पुण्याच्या केंद्रानं कंपन्यांची नेमकी अडचण सोडवली. नाशिकच्या इमारतीनं फक्त जागा दिली, आणि जागेची अडचण मुळात फारशी नव्हती.

हरसूलचा हिशेब

हरसूल हा आदिवासी परिसर, भात, नागली आणि वरईचा. पावसाळ्यातली शेती आटोपली की पाड्यापाड्यांवरची कुटुंबं गिरणारे आणि दिंडोरीच्या द्राक्षबागांत, टोमॅटोच्या शेतांवर मजुरीला जातात. 2020 च्या मार्चअखेर ती मजुरी थांबली. केंद्रानं जनधन खातं असलेल्या महिलांच्या नावावर एप्रिल ते जून दरमहा 500 रुपये जमा केले. पैसे खात्यात आले, पण बँकेची शाखा दूर आणि गाड्या बंद. अशा वेळी आधारवर अंगठा लावून रोख देणारं सेवा केंद्र आणि बँक मित्र हेच गावाचं एटीएम झाले. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 15 एप्रिलच्या आदेशानं ग्रामपंचायत पातळीवरच्या सामाईक सेवा केंद्रांना काम सुरू ठेवण्याची मुभा दिली होती.

या सेवा केंद्राकडे एरवी कोणी तंत्र-उद्योग म्हणून पाहत नाही. सातबारा, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीकविमा, वीजबिल आणि रोख रक्कम, सगळं एका टेबलावर चालतं. चालवणाऱ्याची गुंतवणूक संगणक, प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणि इन्व्हर्टरची. त्याला खेळतं भांडवलही लागतं, कारण तो आधी स्वतःच्या गल्ल्यातून रोख देतो आणि ती रक्कम त्याच्या ऑनलाइन खात्यात जमा होते. गल्ला रिकामा झाला की पुन्हा बँकेतून रोकड आणायला धावायचं. मंदीत त्याच्या दारातली रांग लांबते, जोखीम वाढते आणि कमिशन मात्र प्रत्येक व्यवहाराला थोडक्या रुपयांचं राहतं.

अशा माणसासाठी 2020 च्या पॅकेजमध्ये काय होतं? मुद्रा योजनेतल्या 50 हजारांपर्यंतच्या शिशू कर्जावर बारा महिने दोन टक्के व्याज सवलत. पण तीही 31 मार्च 2020 ला ज्याचं कर्ज आधीच चालू होतं त्यालाच. पुन्हा तोच अडसर: ज्याच्या नावावर आधीचं कर्ज, त्यालाच मदत.

कागदावर आदिवासी तरुणासाठी वाटा बऱ्याच आहेत. 2019 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या अनुसूचित जमातीच्या अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान मिळतं आणि स्वतःचे फक्त 5 टक्के घालावे लागतात; बाकी बँकेचं कर्ज. स्टँड-अप इंडियातून मार्च 2025 पर्यंत दहा लाख ते एक कोटीपर्यंतचं कर्ज मिळू शकत होतं. आदिवासींच्या उद्योगांना कर्ज देणाऱ्या शबरी वित्त व विकास महामंडळाचं मुख्यालय नाशिकलाच आहे. केंद्रीय खात्यांनी आपल्या खरेदीतली 25 टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची आणि त्यातही एकूण खरेदीच्या 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून, असा नियम आहे. प्रत्यक्ष खरेदी त्या 4 टक्क्यांपासून बरीच मागे राहिली आहे. अर्ज ऑनलाइन, कागदपत्रं जिल्ह्याच्या ठिकाणी आणि बँकेचा निर्णय शाखाधिकाऱ्याच्या हाती, अशा तीन चाळण्यांतून पाड्यावरच्या तरुणाला पार व्हावं लागतं.

पुढच्या मंदीआधी करायची कामं

2022 नंतर स्टार्टअपकडे येणारा खासगी पैसा झपाट्यानं आटला, तेव्हा मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनीही कपात केली. म्हणजे अशी वेळ महामारीशिवायही येते आणि पुन्हा येणार आहे.

2020 च्या अनुभवातून काही गोष्टी सरळ निघतात. हमीची रक्कम जुन्या कर्जावर न मोजता गेल्या वर्षाच्या उलाढालीवर मोजता येईल. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रं, यूपीआयचे व्यवहार, सेवा केंद्राच्या कमिशनची नोंद हे सगळं आता डिजिटल नोंदींत असतं. ज्यानं कधी कर्ज घेतलं नाही पण रोज दोनशे माणसांना पैसे दिले, त्याची पत त्या नोंदींतच लिहिलेली असते.

राज्य सरकारची खाती, महापालिका आणि जिल्हा परिषदा यांच्याकडची लहान पुरवठादारांची बिलं किती दिवस थकली आहेत, हे दर महिन्याला जाहीर व्हायला हवं. केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांप्रमाणे या संस्थांनीही ट्रेड्सवर यावं. त्यासाठी तिजोरीतून एक रुपया जास्तीचा द्यावा लागत नाही.

आणि हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यासाठी पुण्याच्या सॉफ्टवेअर केंद्रासारखं काम हवं: अडचण ओळखून तेवढीच सोडवणारं. इथली अडचण नेटवर्क, वीज आणि रोकड यांची आहे. भारतनेटच्या सुधारित टप्प्याला ऑगस्ट 2023 मध्ये केंद्रानं 1 लाख 39 हजार कोटींची मंजुरी दिली. त्यातली तार ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत येऊन थांबू नये, सेवा केंद्राच्या टेबलापर्यंत यावी. संकटाच्या काळात रोख वाटणाऱ्या केंद्रांना बँकेनं गावातच रोकड पोहोचवावी आणि त्या काळापुरतं कमिशन वाढवावं. जिल्हा उद्योग केंद्राचा अधिकारी महिन्यातून एकदा हरसूलच्या आठवडे बाजाराच्या दिवशी तिथे बसला, उद्यम नोंदणी आणि रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे अर्ज तिथेच भरून घेतले, तर पाड्यांवरून बाजाराला आलेल्या माणसाचा नाशिकचा हेलपाटा आणि त्या दिवसाची मजुरी वाचेल. हे काम आज, धंदा बरा चालू असताना झालं तरच पुढच्या घोषणेच्या दिवशी या तरुणांची नावं पात्र उद्योजकांच्या यादीत आधीपासून असतील.